बोलत चढता येतो

पाण्याच्या टाकीतलं तापमान स्थिर व्हायची वाट बघताना तिने फोन उघडला आणि ते वाचलं. तिच्या नि नवऱ्याच्या प्रवासलेखांच्या पानावर, दीपगृहाच्या टेकडीबद्दलच्या लेखाखाली 'निळी छत्री' नावाने कुणीतरी लिहिलं होतं, "ताई, राग मानू नका, पण दादांना हा चढ खरंच जमला का?" एवढंच. पुढे नमस्कार नाही, हसरा चेहरा नाही. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. टाकीत दवाखान्यांतून, शीतगृहांतून, कुठल्या कुठल्या कारखान्यांतून आलेले थर्मामीटर ओळीने टांगलेले होते आणि त्यांच्या मध्यभागी प्रयोगशाळेचा स्वतःचा, प्रमाण मानलेला थर्मामीटर. बाकीचे काय दाखवतात ते त्याच्याशी ताडून बघायचं, फरक लिहायचा, खाली सही करायची. हे काम ती लग्नाआधीपासून करत होती. आकडा वाचताना डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर लागतो. किंचित वर किंवा खाली असला तरी आकडा खोटा येतो. आज तिने डोळा बरोबर समोर आणला आणि तरी बराच वेळ तिला काही दिसेना. "बाई, पाणी उकळायचंय की पोहायला उतरायचंय?" पलीकडच्या टेबलावर वजनं तपासणारा सहकारी म्हणाला. तो रोज असंच काहीतरी म्हणायचा आणि ती रोज हसायची. आज हसायला जरा उशीर झाला. त्याने चिमट्यातलं वजन डबीत परत ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली. त्याने काही विचारलं नव्हतं.

नुसतं 'जमला का' असतं, तर तिने नेहमीसारखं उत्तर देऊन टाकलं असतं. हो, सावकाश गेलो. गेल्या थंडीपासून ती अशी उत्तरं देत आली होती. दादांची तब्येत कशी आहे? बरी आहे. दादा तहान लागली की अजून बर्फच चोखतात का? हो, बर्फच. दादांना आमचा नमस्कार सांगा. सांगते. प्रत्येक उत्तर एका ओळीचं, आणि ते पाठवून झालं की ती उठून काहीतरी करायची, ओटा पुसायची, पडदा सारखा करायची. पण 'खरंच' हा शब्द वेगळा होता. तो लिहिणारी बाई त्या टेकडीवर जाऊन आली होती. तिने काहीतरी ताडून पाहिलं होतं आणि फरक तिच्या लक्षात आला होता. दुपारभर ती थर्मामीटर एकामागून एक उचलत राहिली आणि तिच्या मनात ती अनोळखी बाई निळी छत्री मिटून एका वळणावर उभी होती, कुणाकडे तरी वाकून बघत.

तिचा नवरा, वाचकांचे दादा, रंगाच्या कंपनीचा विक्रेता होता, फिरतीचा माणूस. लग्नानंतर कितीतरी वर्षं महिन्यातले निम्मे दिवस तो गावोगावची दुकानं पालथी घालत असायचा, आणि परत आला की बॅगेतून रंगांच्या छटांचे पत्ते काढून तिच्यासमोर धरायचा. हे बघ, समुद्र अगदी असा होता. आणि हॉटेलची भिंत अशी, आजारी लिंबासारखी. तिला त्याच्या नसण्याची सवय होती. ती सवय घराच्या मांडणीतच बसलेली होती: एका माणसापुरतं लहान पातेलं वेगळं, त्याची बॅग ठेवायचा कोपरा कधी भरलेला, कधी रिकामा. मग त्याच्या किडन्या गेल्या. कंपनीने काही दिवस सांभाळून घेतलं, नंतर नाही. एक दिवस डायलिसिस, एक दिवस मोकळा, पुन्हा डायलिसिस. मशीनवरून तो पिळून दोरीवर टाकलेल्या सदऱ्यासारखा घरी यायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. पण पुढचा दिवस त्याचा असायचा. त्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या तो विचारायचा, "काय शास्त्रज्ञ, आज कुठली दिशा?" सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशी ठिकाणं ते शोधायचे. त्याबद्दल तो इंटरनेटवर लिहायला लागला, फोटो ती काढायची, आणि त्या लिखाणाला त्याने नाव दिलं 'मधला दिवस'.

त्यात जे असायचं ते दुसऱ्या कुठल्या प्रवासलेखनात नव्हतं. बाक कुठे आहे आणि त्याला पाठ आहे का. सावली किती वाजेपर्यंत टिकते. कुठल्या टपरीवाल्याकडे बर्फाचा खडा मागितला तर तो का विचारत नाही. परगावी राहायचंच झालं तर डायलिसिसची सोय कुठे, आधी कुणाशी बोलावं लागतं, तिथल्या नर्सबाई खवट आहेत की गप्पिष्ट. चढाच्या बाबतीत मात्र दोघांचं जमायचं नाही. ती म्हणायची, कोन मोजू या. तो म्हणायचा, "कोन दमत नाही ग, माणूस दमतो." त्याने चढांचे तीन वर्ग केले होते. बोलत चढता येतो. ऐकत चढता येतो. भांडत चढावा लागतो. पहिल्यात तो वर पोचेपर्यंत बडबडत असायचा. दुसऱ्यात त्याचा आवाज हळूहळू विझायचा आणि बोलायचं काम तिच्याकडे यायचं. ती मुलखाची अबोल, तिला काही सुचायचं नाही, मग ती त्याला कुठल्या कारखान्याचा थर्मामीटर किती खोटं बोलतो ते सांगायची आणि तो मान डोलावत एकेक पाऊल टाकायचा. तिसऱ्याची सुरुवात 'कुणी सांगितलं होतं इथे कडमडायला' अशी व्हायची. लोकांना हे वर्ग फार आवडले. लोक लेखाखाली लिहायचे, आम्ही आज ऐकत चढलो, दादा. आम्ही भांडून खाली उतरलो.

मग त्यातून थोडे पैसे यायला लागले. पानाच्या कडेला जाहिराती, शिवाय कुणी त्या पानावरून राहायची खोली ठरवली की त्यातला छोटासा वाटा. महिन्याच्या शेवटी बँकेचा निरोप यायचा. तिच्या पगाराच्या मानाने ती चिल्लर होती. फार तर प्रवासाचं भाडं आणि जेवण सुटायचं. पण पहिल्यांदा तो निरोप आला तेव्हा त्याने फोन तिच्या नाकासमोर नाचवला होता. "भत्ता आला! बघ, फिरतीचा भत्ता!" कंपनीत असताना पगारापेक्षा त्याला भत्त्याचंच कौतुक असायचं. पगार काय, बसल्या जागीही मिळतो, तो म्हणायचा. भत्ता म्हणजे माणूस खरोखर कुठेतरी गेला होता याचा पुरावा. त्या संध्याकाळी त्यांनी भत्त्याचा चहा प्यायला. पाणी मोजूनच प्यायचं असल्याने त्याला अर्धाच कप चालायचा. उरलेला अर्धा त्याने तिच्या कपात ओतला आणि म्हणाला, "बायको पोसतोय मी. लक्षात ठेव."

त्याच्या डाव्या हाताच्या कोपराजवळ, मशीनच्या सुया घालण्यासाठी डॉक्टरांनी नीला आणि रोहिणी जोडली होती तिथे, रक्त जोरात वाहायचं आणि कातडीखाली सतत एक थरथर असायची. बोट ठेवलं की कळायची. कान लावला की ऐकूही यायची, मांजर घुरघुरावं तशी. ते दोघं तिला मांजरच म्हणायचे. मांजर जागं आहे का बघ, तो झोपताना म्हणायचा, कारण ती थरथर थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठायला लागतो असं सांगितलेलं होतं. सुरुवातीला ती डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बघायची. नंतर नंतर तिचा हात झोपेतच तिथे जायचा आणि बोटांच्या पेरांना ती घुरघुर लागली की पुन्हा गाढ झोप. आता तिची बोटं भलत्याच ठिकाणी थबकायची. बसच्या खिडकीच्या काचेवर. फ्रिजच्या दारावर. एकदा प्रयोगशाळेत पाणी ढवळणाऱ्या मोटारीवर तिने हात ठेवला आणि तो तसाच राहिला. वजनंवाला सहकारी म्हणाला, गरम झालीय का हो, आणि ती म्हणाली, नाही, चालू आहे.

तो गेला त्यानंतरच्या दिवसांत तिने ते पान उघडलंच नव्हतं. घरात माणसं होती, पाहुण्यांच्या चपला होत्या, कुणीतरी सारखं तिच्या हातात पाण्याचा पेला देत होतं. मग माणसं पांगली, आणि महिना संपला, आणि बँकेचा निरोप आला. भत्ता. ती भाजी चिरत होती. ओल्या हाताने तिने तो निरोप वाचला आणि तिच्या मनात आलेला पहिला विचार असा होता, की म्हणजे तो फिरतीवर आहे. विचार वेडगळ आहे हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. बाई शिकलेली होती. पण कळल्याने तो गेला नाही. तो तिथेच राहिला, घरातल्या रिकाम्या कोपऱ्यासारखा, आणि त्याने बाकीच्या सगळ्याला जागा करून दिली. त्याच दिवशी कुणीतरी विचारलं होतं, दादा, पुढचा प्रवास कुठला? तिने लिहिलं, लवकरच. पान गप्प पडलं की लोक यायचे थांबतात, लोक थांबले की जाहिराती थांबतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने त्याच्या जुन्या टिपणांतून एक लेख जुळवला. मग दुसरा. त्याची वाक्यं तिला पाठ होती. त्यातला वात्रटपणा कुठे येतो आणि कुठे थांबतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. लिहिताना तिला बरं वाटायचं. खोटं लिहितोय असं वाटायचं नाही. वाटायचं, तो पलंगावर पडून सांगतोय आणि ती उतरवून घेतेय.

हे एकट्या नणंदेच्या लक्षात आलं. ती शिवणकाम करायची, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, शब्द अर्धवट बाहेर यायचे पण लागायचे. "वहिनी, दादाचं ते चालूच आहे म्हणे. शेजारीण सांगत होती. तुमचा भाऊ काय छान लिहितो हो, म्हणे." तिने जमिनीवरची एक चिंधी उचलली. "लोकांना सांगितलं नाहीस?" "सांगेन." "कधी?" "भत्ता..." तिच्या तोंडून निघून गेलं, आणि नणंदेने टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या, उशीला टोचल्या. "भत्ता? कसला भत्ता ग? माझ्या मेलेल्या भावाला तू अजून कामाला जुंपलंयस." बोलून झाल्यावर तिचाच चेहरा पडला. तिने मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं, मग म्हणाली, "बस, चहा टाकते." दोघींनी चहा प्यायला. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

दीपगृहाच्या टेकडीवर मात्र तो कधी गेलेला नव्हता. जायचं होतं. यादीत ती सतत पुढे ढकलली जायची, कधी ऊन फार, कधी अंगात पाणी साठून त्याचं वजन जास्त भरलेलं. टिपणं संपली तेव्हा ती सुट्टीच्या दिवशी एकटीच गेली. बसच्या थांब्यापासून कच्ची वाट, दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, वर पांढरं दीपगृह आणि त्याचा रंग पोपडे धरून सुटलेला. तिने पोपडा उचलून बघितला. बाहेरचा रंग हलका आहे, खाली अस्तर मारलेलंच नाही, त्याला सांगितलं पाहिजे, असं म्हणता म्हणता ती सांगायलाच लागली. वाटेवर कुणी नव्हतं. ती मोठ्याने बोलत होती. नणंद काय म्हणाली ते तिने सांगितलं. नवीन थर्मामीटर आलेत, त्यांत पारा नाही, नुसते आकडे उमटतात, आणि तिला ते आवडत नाहीत, हे सांगितलं. त्याच्या बाजूने उत्तरंही दिली आणि त्या उत्तरांवर हसली. आयुष्यात एवढं ती कधी सलग बोलली नव्हती. वर पोचली तेव्हा घसा कोरडा पडलेला होता, वारा सुटला होता आणि समुद्र कुठल्याच पत्त्यावर नसलेल्या रंगाचा होता. घरी येऊन तिने लेख लिहिला. आम्ही दोघं सकाळच्या बसने निघालो. वाटेत बाक नाही, पण दगड आहेत. आणि चढाच्या पुढे, एक क्षणही न थांबता, प्रामाणिकपणे लिहिलं: बोलत चढता येतो.

हे सगळं बसमध्ये तिच्या लक्षात आलं, निळ्या छत्रीचा प्रश्न आला त्या दिवशी, कामावरून परतताना. एकदम, पायरी चुकून पाय खाली जावा तसं. तो होता म्हणून चढ कळत होता. त्याच्या छातीवर तिने सात वर्षं जग मोजलं होतं. स्वतःच्या धडधाकट छातीवर तिने काय मोजलं? घरी आल्यावर तिने निळ्या छत्रीला उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी विचारलं, काय झालं? लगेच एक फोन नंबर आला. "ताई, इथे लिहिता येत नाही. बोलाल का?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळचं आवरून तिने फोन लावला.

"ताई? अगबाई, खरंच केलात की फोन! थांबा हं, दार लोटते." बाईचा आवाज खाली आला. "आमच्या ह्यांची बेकरी आहे. आता पुतण्या बघतो. वर्ष झालं ह्यांना मशीनवर. घराबाहेर पडायलाच तयार नव्हते हो. तुमचं वाचून दाखवून दाखवून मी उठवलं. म्हटलं, बघा ते दादा, सात वर्षं मशीनवर, आणि आज इथे, परवा तिथे. मग एवढं वेड लागलं, की सगळ्यांना सांगत सुटले, आमचे दादा असं म्हणतात, आमचे दादा तसं म्हणतात. तुमची किती ठिकाणं केली आम्ही. सगळं लिहिलंय तसंच. बाक म्हणजे बाक, सावली म्हणजे सावली. मग हे दीपगृह."

"जमलं नाही?"

"पहिल्याच वळणाला बसले, दगडावर. तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, फिरू या मागे, एवढं काय. तर म्हणाले, दादा बोलत चढले आणि मला श्वास पुरत नाही, म्हणजे माझं संपलंच. तेच धरून बसलेत, ताई. काल मशीनचा दिवस होता. गेले नाहीत. उद्याही नाही म्हणतात. डॉक्टर ओरडले, पुतण्या पाया पडला, माझं तर काही चालतच नाही..."

एक दिवस चुकला तर काय होतं ते तिला माहीत होतं. दोन चुकले तर काय होतं तेही. पायांवर सूज चढते, आडवं पडलं की श्वास अडतो, रक्तातले क्षार वाढत जातात आणि मग हृदय एखाद्या ठोक्याला गोंधळतं. हे शब्द तिच्यासाठी शब्द नव्हते. तेवढ्यात पलीकडून दार उघडल्याचा आवाज झाला, आणि एक भरड आवाज आला, "कुणाशी कुजबुजतेस ग? आण इकडे." फोन हातातून हातात गेला.

"कोण, मधला दिवसवाल्या ताई का? नमस्कार हो. दादांना द्या जरा फोन."

"तुम्ही काल मशीनवर गेला नाहीत म्हणे."

"ते राहू द्या. दादांना द्या. एकच विचारायचंय."

"मला विचारा ना."

"तुम्हाला काय कळणार, ताई? तुमच्या किडन्या ठणठणीत. त्यांना विचारतो, बाबा रे, त्या पहिल्या वळणाला तू बोलत काय होतास? मला तर तिथे देवाचं नाव घेता येईना."

फिरतीवर आहेत, हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. कितीतरी वर्षं तिने ते दारात आलेल्या माणसांना, फोनवरच्या माणसांना सांगितले होते, आणि ते कधी खोटे नव्हते. ती स्वयंपाकघरात उभी होती. खिडकीतून ऊन येऊन तिच्या पायांवर पडलं होतं, आणि तिला आपल्या पायांची नखं फार स्पष्ट दिसत होती. खरं एकदा बोललं की मग दुसरीकडे कुठे तो राहणार नाही, असं तिला वाटलं. आणि फोनमधून त्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, प्रत्येक श्वासाच्या शेवटी किंचित ओला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

"ते तिथे आलेच नव्हते," ती म्हणाली.

"आँ?"

"दीपगृहावर मी एकटी गेले होते. बोलत मी होते."

"असं कसं? लिहिलंय की, आम्ही दोघं सकाळच्या बसने..."

"खोटं लिहिलंय."

"मग ते कुठे होते?"

"ते वारले, भाऊ. थंडीत. मी नंतर गेले."

 तो म्हणाला, "परवा आमच्या हिने विचारलं होतं, दादा अजून बर्फ चोखतात का. तुम्ही लिहिलंत, हो."

"हो."

"कोण चोखत होतं मग?"

 तिचा हात ओटा पुसायला लागला.

"बाई," तो म्हणाला. आता ताई नाही. "मी त्या दगडावर बसून बायकोचा निरोप घेतला मनातल्या मनात. एका मेलेल्या माणसाशी शर्यत हरलो म्हणून. तुम्हाला कळतंय का काय केलंत ते?" तिने 'कळतंय' म्हटलं तोवर फोन बंद झाला होता.

त्या दुपारी तिने पान उघडलं आणि सगळ्यात वर लिहिलं, की तो गेला आहे, कधी गेला, त्यानंतरचे लेख तिचे आहेत. दीपगृहाचा लेख काढून टाकला नाही. 'आम्ही दोघं' खोडून 'मी' केलं, आणि चढापुढे लिहिलं की मला माहीत नाही. हे करायला फार वेळ लागला नाही. इतके महिने धरून ठेवलेलं काहीतरी एवढ्या थोड्या वेळात सोडता येतं, याचंच तिला नवल वाटलं. मग ती पलंगावर त्याच्या बाजूला जाऊन पडली. चादरीला कसलाच वास नव्हता. तिने ती केव्हाच धुतलेली होती. संध्याकाळी नणंदेचा फोन आला. शेजारणीने दाखवलं असणार. पलीकडून काही बोलणं नाही, टाचण्याही नाहीत, नुसतं रडणं, लहान मुलीसारखं हुंदके देऊन. "वहिनी," ती शेवटी म्हणाली, "आत्ता गेला ग तो. आत्ता." आणि इतके दिवस न रडलेली वहिनीही भिंतीला टेकून खाली बसली, आणि फोन कानाला तसाच ठेवून तिच्याबरोबर रडली.

लोकांनी खूप लिहिलं. कुणी शिव्या दिल्या, फसवलंत म्हणाले. बहुतेकांनी आपापल्या चढांची नावं लिहिली, जिथे ते त्याच्या भरवशावर गेले होते. ती सगळं वाचायची, उत्तर कुणालाच द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, टाकीजवळ उभी असताना, बेकरीवाल्याच्या बायकोचा निरोप आला. "आज गेले मशीनवर. कुणाशी बोलत नाहीत. पण स्वतःहून चप्पल घातली." तिने तो वाचला, फोन खिशात ठेवला, आणि पुढचा आकडा वाचला आणि लिहिला.  वजनंवाल्या सहकाऱ्याने तिच्या टेबलावर एक सोललेलं संत्रं कागदावर ठेवलं आणि परत जाऊन आपलं काम करायला लागला.

आणखी काही दिवस गेले. मग त्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं, बेकरीवाल्याने स्वतः लिहिलं. एरवी त्याची बायको लिहायची. अक्षरांच्या चुकांवरून, थांबत थांबत टाइप केल्यावरून कळत होतं की हे त्याचंच आहे. "ताई. रागावलो होतो. अजून आहे थोडा. दादांचा खरा शेवटचा प्रवास कुठला ते लिहा. आम्हाला लागेल."

आम्हाला लागेल. ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची ओढली आणि लिहायला बसली, आणि यावेळी पलंगावरून कुणी काही सांगत नव्हतं; जे होतं ते तिलाच आठवावं लागत होतं.

पलंगापासून गॅलरीपर्यंत, तिने लिहिलं. रस्ता सपाट, मध्ये एक उंबरा. उंबऱ्याशी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आधीच आणून ठेवावी, तिथे बसावं लागतं. भिंतीचा आधार घेताना कॅलेंडर पडतं, ते पडू द्यावं. उंबऱ्यावर आम्ही भांडलो. खुर्ची तिरकी ठेवलीस, तो म्हणाला. मी म्हटलं, सरळच आहे. तिरकी होती. पुढे सावली नाही, पण त्याला ऊनच हवं होतं. बघण्यासारखं: समोरच्या गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, त्यांतली एक फाटकी. त्या फाटलेल्या जागेतून आकाश दिसतं, ते त्यानेच दाखवलं. खाली शाळेची मुलं जातात, आवाज होतो, त्याचा त्रास होत नाही. बर्फाचा खडा बशीत न्यावा. वितळतो. वितळला तर बोट बुडवून ओठांना लावता येतं. परतताना चालता येत नाही. खुर्चीसकट उचलून आणावं लागतं, त्यासाठी वरच्या मजल्यावरचा माणूस आधी सांगून ठेवावा, तो येतो, आणि तो काही बोलत नाही हे बरं असतं. फोटो नाही.

केव्हा जावं, या मथळ्यापाशी ती थांबली. त्याच्या प्रत्येक लेखात हा मथळा असायचा आणि त्याखाली ऋतू, वेळ, गर्दीचे दिवस. तिने डोळे मिटले. मग तिने लिहिलं, तो म्हणेल तेव्हा. तुम्ही कामाला निघालेले असाल, उशीर झालेला असेल, पायात बूट असतील. काढावेत.